गवतावरून धावणाऱ्या होड्या

होडीला इंजिन लागलं तेव्हा तिचा वेग वाढला, पण तिला जाता येईल अशा जागा कमी झाल्या. बांबू रोवून रेटायची होडी वीतभर पाण्यातूनही पुढे सरकते. इंजिनाच्या होडीचा पंखा मात्र तळाखाली फिरतो. त्याला दोन हात पाणी तरी लागतं, आणि तेवढं पाणी असूनही त्यात वेल, गवत, फाटक्या जाळ्यांचे तुकडे असले की ते आसाभोवती गुंडाळले जातात आणि इंजिन गप्प होतं. आपल्या खाड्यांमध्ये ओहोटीच्या वेळी इंजिन वर उचलून चिखलातून होडी ढकलणाऱ्याला ही अडचण सांगावी लागत नाही. फ्लोरिडातला बेडूक पकडणारा, तैग्रिस नदीवरचा सैनिक, बँकॉकच्या कालव्यांतला भाजीवाला या साऱ्यांना तीच अडचण आली आणि प्रत्येकाने आपापलं उत्तर शोधलं. त्यातलं सर्वांत धाडसी उत्तर म्हणजे एअरबोट. तिच्यात पंखा पाण्यातून काढून सरळ हवेत बसवलेला असतो. तळ सपाट, मागे पिंजऱ्यात माणसापेक्षा उंच पंखा, पाण्याखाली एकही फिरता भाग नाही. गेल्या सव्वाशे वर्षांत ही होडी कुठे कुठे गेली, कुठे उपयोगी पडली, कुठे नकोशी झाली, हे पाहताना एक गोष्ट मला पुन्हा पुन्हा जाणवली. पाणी किती उथळ आहे एवढं विचारून होडी निवडता येत नाही. त्या पाण्यात काय उगवलंय आणि काय बुडालंय, यावर सगळं ठरतं.

पहिली एअरबोट प्रवासासाठी बनलीच नव्हती. टेलिफोनमुळे प्रसिद्ध झालेले अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल विमानाच्या मागे लागले होते. कॅनडातल्या नोव्हा स्कॉशियात १९०५ साली त्यांच्या चमूने दोन तराफ्यांसारख्या अंगांवर इंजिन आणि हवेतला पंखा बसवला, तो निरनिराळे पंखे आणि इंजिनं तपासण्यासाठी. 'अग्ली डकलिंग' हे तिचं नाव. वेग जेमतेम माणसाच्या भरभर चालीएवढा. पण पाण्याला हात न लावता होडी पुढे जाऊ शकते, हे सिद्ध झालं.

युरोपात ही कल्पना विमानवाल्यांनीच उचलली. विल्बर राइटकडे उड्डाण शिकलेले आणि १९०९ मध्ये आयफेल टॉवरवरून विमान नेऊन पॅरिसला थक्क करणारे काउंट शार्ल द लांबेर यांनी पाण्यावरून घसरत जाणाऱ्या, हवेतल्या पंख्याच्या होड्या बांधल्या. त्यांना फ्रेंचमध्ये 'हिद्रोग्लिसर' म्हणत. पहिल्या महायुद्धात ब्रिटिशांनी अशा होड्या मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, तैग्रिसवर वापरल्या. त्या मोहिमेशी महाराष्ट्राचा संबंध जवळचा आहे. कूत-अल-अमारा इथे वेढ्यात सापडून २९ एप्रिल १९१६ रोजी शरण जावं लागलेलं सैन्य सहाव्या पुणे डिव्हिजनचं होतं, आणि त्यात मराठा पलटणी होत्या. त्यांच्या हालांचं एक मोठं कारण नदी हेच होतं. तैग्रिस वळणावळणाची, उन्हाळ्यात उथळ, वाळूचे दांडे रोज जागा बदलणारे, आणि अन्नधान्य, दारूगोळा, जखमी माणसं यांची ने-आण तिच्यावरूनच. चाकाच्या आगबोटी रुतत. त्यासाठी ब्रिटिशांनी पंखा तळाच्या आत बोगद्यासारख्या पोकळीत बसवलेल्या छोट्या तोफनौका मागवल्या. हवेतल्या पंख्याच्या होड्या टेहळणीला आणि निरोप नेण्याला कामी आल्या, पण त्यांची ओझं वाहण्याची ताकद कमी होती. वेढ्यातल्या हजारो माणसांना रसद पुरवणं त्यांच्या आवाक्यातलं काम नव्हतं. एअरबोटीची ही मर्यादा तेव्हा दिसली, ती आजही तशीच आहे.

ही मर्यादा येते कुठून, ते समजून घेण्यासारखं आहे. होडी पुढे जाते कारण पंखा काहीतरी मागे ढकलतो. पुष्कळ वस्तुमान सावकाश ढकललं तर इंधन कमी लागतं, थोडं वस्तुमान जोरात ढकललं तर जास्त. पाणी हवेच्या सुमारे आठशे पट घन आहे. म्हणून पाण्यातला ताटलीएवढा पंखा जे काम करतो, त्यासाठी हवेत दोन मीटर व्यासाचा पंखा लागतो, आणि तोही हवा प्रचंड वेगाने मागे फेकतो. दोन मीटरचा पंखा मिनिटाला अडीच हजार फेरे घेऊ लागला की त्याच्या पात्याचं टोक सेकंदाला सुमारे २६० मीटर वेगाने फिरतं. ध्वनीचा वेग साधारण ३४५ मीटर. टोक या वेगाच्या जितकं जवळ जातं तितका आवाज कानठळ्या बसवणारा होतो. एअरबोटीचा गोंगाट मुख्यतः पात्यांचा असतो, इंजिनाला सायलेन्सर लावून तो अर्धवटच शमतो. म्हणून अलीकडे मोटारीचं व्ही-८ इंजिन, त्याला फेरे कमी करणारी गिअरपेटी आणि कार्बन फायबरची रुंद पाती अशी जोडणी रूढ झाली आहे. पंखा सावकाश फिरतो आणि आवाज काहीसा उतरतो. तरीही प्रवाशांच्या कानांवर संरक्षक लावावेच लागतात.

चालवण्याची रीतही इतर होड्यांहून वेगळी. सुकाणू पाण्यात नसतं. पंख्यामागे उभ्या दोन पट्ट्या असतात आणि पंख्याने फेकलेला वारा त्यांच्यावर आपटून होडी वळते. म्हणजे वारा असेल तरच वळण. समोर अचानक झाड दिसलं आणि घाबरून वेगाच्या पॅडलवरून पाय काढला, की वेग लगेच जात नाही, पण सुकाणू मात्र जातं. ब्रेक नाही, बहुतेक होड्यांना मागे जाण्याची सोयही नाही. जाणता चालक अशा वेळी पाय दाबून वळवतो, नवखा पाय उचलतो, आणि बरेच अपघात तिथेच घडतात. गवतावरून दिसावं म्हणून चालक उंच खुर्चीत बसतो. इंजिनही उंचावर. त्यामुळे भार वर राहतो आणि तीव्र वळणात होडी कलंडण्याचा धोका असतो. एकदम थांबवली तर मागून आपलीच लाट चढून ती पाण्याने भरू शकते. हे सगळे दोष त्या एका गुणाची किंमत आहेत. तळाला घसरट प्लॅस्टिकचा थर लावलेली चांगली एअरबोट ओल्या गवतावरून, चिखलावरून, बर्फावरूनही जाते.

त्या गुणाचं चीज झालं ते फ्लोरिडात. विमानांचे कारखानदार ग्लेन कर्टिस यांची 'स्कूटर' नावाची सहा प्रवाशांची बंद होडी तिथे १९२० मध्ये नोंदली गेली. पण ती श्रीमंताची हौस राहिली. एअरबोटीला तिचं खरं रूप दिलं ते एव्हरग्लेड्सच्या दलदलीत पोट भरणाऱ्या माणसांनी. ओकीचोबी सरोवराखालून दक्षिणेला समुद्रापर्यंत पसरलेली ही दलदल म्हणजे जवळजवळ दिसू नये अशा उतारावरून सरकणारं पाण्याचं विस्तीर्ण पान आहे. मार्जरी स्टोनमन डग्लस यांनी १९४७ च्या आपल्या पुस्तकात तिला गवताची नदी म्हटलं, आणि तीच ओळख कायम झाली. तिथलं सॉग्रास आपल्या लव्हाळ्याच्या कुळातलं, पण पुरुषभर उंच आणि कडेला करवतीचे दाते असलेलं. अशा पाण्यात तिथले मूळ रहिवासी मिकोसुकी लोक सायप्रसच्या खोडातून कोरलेली होडी बांबूसारख्या काठीने रेटत. गोरे शिकारीही तसंच करत. १९२८ मध्ये टामियामी रस्ता दलदलीतून आरपार गेला, मायामीच्या हॉटेलांना बेडकाचे पाय हवे झाले, आणि रात्री डोक्याला दिवा बांधून भाल्याने बेडूक टिपणाऱ्यांना दूरवर लवकर पोचण्याची गरज पडली. त्यांनी मोडीत निघालेल्या विमानांची इंजिनं घेतली आणि घरामागच्या शेडमध्ये सपाट तळाच्या होड्यांवर चढवली. १९३३ साली जॉनी लँब आणि रसेल हॉवर्ड यांनी बांधलेली ७५ अश्वशक्तीची होडी यातली एक प्रसिद्ध. आराखडा नाही, अभियंता नाही. एकाने पाहायचं, दुसऱ्याने सुधारायचं. मला या इतिहासातला हा भाग सर्वांत मोलाचा वाटतो, कारण आजच्या प्रत्येक एअरबोटीचं मूळ रूप त्या शेडमध्ये घडलं.

जवळपास त्याच काळात, तीन हजार किलोमीटर दूर, युटा राज्यातल्या ग्रेट सॉल्ट लेकच्या काठी दुसरीच निकड होती. बेअर नदीच्या मुखाशी असलेल्या पक्षी अभयारण्यात उन्हाळ्यात बोटुलिझमची साथ येई आणि बदकं मोठ्या संख्येने मरत. मेलेल्या पक्ष्यावर वाढणाऱ्या अळ्यांत विष साठतं, त्या अळ्या खाऊन दुसरे पक्षी मरतात. म्हणून मेलेले पक्षी झटपट गोळा करणं आणि आजारी पक्ष्यांना स्वच्छ पाणी देणं हाच उपाय. पण गुडघाभर चिखलात चालत हे काम करणार किती? १९४३ मध्ये ब्रिगहॅम सिटीत सेसिल विल्यम्स, हॉर्टिन जेन्सन आणि लिओ यंग या तिघांनी अॅल्युमिनियमचा सपाट तळ आणि विमानाचं छोटं इंजिन वापरून 'अॅलिगेटर' नावाची होडी केली. फ्लोरिडात जी होडी शिकाऱ्याने घडवली, ती युटात पक्षी वाचवणाऱ्यांनी घडवली.

एअरबोटीने माणसं वाचवल्याची सर्वांत मोठी गोष्ट मात्र पुन्हा एव्हरग्लेड्सचीच. २९ डिसेंबर १९७२ च्या रात्री ईस्टर्न एअरलाइन्सचं ४०१ क्रमांकाचं ट्रायस्टार विमान मायामीला उतरण्याच्या बेतात होतं. पुढच्या चाकाचा दिवा लागत नव्हता. वैमानिक त्या एका बल्बमध्ये गुंतले आणि विमान हळूहळू खाली येतंय, हे कोणाच्या ध्यानात आलं नाही. १७६ माणसांसह ते काळोख्या दलदलीत कोसळलं. रॉबर्ट मार्किस नावाचा माणूस त्या रात्री आपल्या एअरबोटीतून बेडूक पकडत होता. दूरवर आगीचा लोळ दिसताच तो तिकडे सुटला. रस्ता नव्हता, जमीन नव्हती, पाण्यावर विमानाचं इंधन पसरलं होतं. त्या इंधनाने भाजत असतानाही तो लोकांना पाण्याबाहेर धरून ठेवत राहिला आणि डोक्यावरचा दिवा हलवत हेलिकॉप्टरांना जागा दाखवत राहिला. ७५ जण वाचले. मृतांचा आकडा शेवटी १०१ वर गेला. इथे गरज ताकदीच्या होडीची नव्हती. दलदलीत कुठेही, अंधारात, गवतातून, सरळ रेषेत जाणारी होडी हवी होती, आणि तिथली वाट जाणणारा माणूस हवा होता. २००५ मध्ये कॅटरिना वादळानंतर न्यू ऑर्लीन्सच्या बुडालेल्या वस्त्यांतून माणसं काढायला एअरबोटी घेऊन आलेल्या स्वयंसेवकांमध्येही अशीच शिकार आणि मासेमारी करणारी माणसं होती.

लष्करानेही ही होडी पुन्हा वापरून पाहिली. व्हिएतनाममध्ये १९६०च्या दशकात अमेरिकी विशेष दलांनी मेकाँगच्या खोऱ्यातल्या पूरभरल्या बोरूच्या मैदानात 'एअरकॅट' नावाच्या एअरबोटी उतरवल्या. भातखाचरं, गवत, बांध सगळ्यावरून त्या जात. पण त्यांची चाहूल फार लांबून लागे. हेलिकॉप्टरांच्या जोडीने चढाई करताना ते चालून गेलं, लपून काही करायचं असेल तर नाही.

उथळ पाण्याच्या प्रश्नाची बाकीची उत्तरं याच्या शेजारी ठेवली की एअरबोटीची जागा स्पष्ट होते. न्यूझीलंडच्या बिल हॅमिल्टन यांनी १९५०च्या दशकात पाणी आत ओढून मागे फवाऱ्यासारखं फेकणारी जेटबोट यशस्वी केली, ती त्यांच्या भागातल्या गोट्यांनी भरलेल्या, अनेक धारांच्या नद्यांसाठी. तिची ताकद आपल्या देशानेही पाहिली. १९७७ मध्ये एडमंड हिलरी तीन जेटबोटी घेऊन गंगासागरापासून गंगेच्या प्रवाहाविरुद्ध हिमालयात शिरले आणि नंदप्रयागजवळ एका धबधब्याने त्यांना थांबवलं. पण स्वच्छ, वाहत्या पाण्याची ही राणी गवताळ तळ्यात हतबल होते, कारण गवत आत ओढलं की तिचा घसा कोंडतो. १९५९ मध्ये क्रिस्टोफर कॉकरेल यांच्या हॉवरक्राफ्टने इंग्लिश खाडी ओलांडली. ते हवेच्या गादीवर तरंगत असल्याने चिखल, वाळू, भरती-ओहोटी कशालाच जुमानत नाही. आपलं तटरक्षक दल मंडपमच्या उथळ समुद्रात आणि हल्दियाच्या बाजूला हॉवरक्राफ्ट वापरतं, आणि तिथल्या मोकळ्या, सपाट विस्तारात ती निवड अगदी योग्य आहे. उंच गवत आणि झाडांचे बुंधे मात्र त्याच्या रबरी झालरीला सोसत नाहीत. शिवाय खर्च मोठा. बर्फावरचं काम वेगळंच. सोव्हिएत रशियात हवेतल्या पंख्यांची बर्फगाडी टपाल पोचवत असे, आणि तुपोलेव यांच्या कारखान्याने बांधलेली ए-३ तर बर्फ आणि पाणी दोन्हींवर चालायची.

सर्वांत कमी बोललं जातं ते आग्नेय आशियातल्या लांब दांड्याच्या इंजिनाबद्दल. मला वाटतं, सगळ्यांत शहाणं उत्तर तेच आहे. होडीच्या मागच्या काठावर खुंटीवर इंजिन तोललेलं, त्यातून लांबच लांब दांडा निघालेला आणि टोकाला छोटा पंखा. खोल पाण्यात दांडा खाली, उथळात जवळजवळ आडवा, गवत अडकलं की एका हाताने उचलून झटकायचा. थायलंडच्या कालव्यांत हजारो कुटुंबांचं रोजचं चलनवलन याच्यावर चालतं. आपल्याकडे तमिळनाडूच्या किनाऱ्यावरच्या फायबरच्या होड्यांनाही असे लांब दांडे दिसतात. अमेरिकेत लुइझियानात १९७७ पासून 'गो-डेव्हिल' या नावाने याच कल्पनेची इंजिनं विकली जातात आणि बदकांच्या शिकाऱ्यांनी ती उचलून धरली. वेग एअरबोटीच्या निम्माही नसेल, पण इंधन थोडं लागतं, दुरुस्ती गावातच होते, आणि शेजाऱ्याची झोप मोडत नाही. तळाखाली थोडं तरी पाणी असेल, गवत थोडं तरी वाकत असेल, तर बहुतेक ठिकाणी एवढं पुरतं.

एअरबोटीविषयीचा सर्वांत कडवा वाद तिच्या माहेरी, एव्हरग्लेड्समध्येच पेटला. १९८९ च्या कायद्याने राष्ट्रीय उद्यानात पूर्वेकडची सुमारे १ लाख ९ हजार एकर दलदल आली. त्या भागात एअरबोट चालवणं कित्येक पिढ्यांचं वहिवाटीचं काम. कायद्याने तोडगा काढला तो असा : १ जानेवारी १९८९ रोजी ज्यांच्या नावे त्या जिल्ह्यात एअरबोट नोंदलेली होती, त्यांनाच परवाना. तो त्यांच्या हयातीपुरता. मुलाला, नातवाला देता येणार नाही. त्याच वेळी आधीपासून धंद्यात असलेल्या सहल कंपन्यांना करार करून उद्यानात पर्यटक फिरवण्याची मुभा मिळाली. उद्यानाची बाजू समजण्यासारखी आहे. गोंगाटाने पक्षी उठतात, ठरावीक वाटांवरून रोज होड्या गेल्या की गवत मरून पट्टे पडतात. पण ज्या माणसाला दलदलीची प्रत्येक वाट पाठ आहे, त्याचा हक्क त्याच्याबरोबर संपतो आणि तिकीट काढून आलेल्याचा चालू राहतो, ही वाटणी मला न्याय्य वाटत नाही. एव्हरग्लेड्सला खोल जखमा केल्या त्या कालव्यांनी, बंधाऱ्यांनी, पाणी अडवणाऱ्या रस्त्याने आणि उत्तरेच्या उसाच्या शेतांतून वाहत येणाऱ्या फॉस्फरसने. होडीचे पट्टे त्यापुढे किरकोळ आहेत. आवाज आणि वाटा यांवर कडक नियम हवेतच, पण ते सगळ्यांना सारखे.

फ्लोरिडाने काही नियम केलेही आहेत. आवाज कमी करणारं साधन सक्तीचं आहे. गवतावरून दूरवर दिसावा म्हणून होडीवर दहा फूट उंच काठीला नारिंगी झेंडा लावावा लागतो. प्रवासी वाहतुकीच्या चालकांना मात्र बराच काळ कोणतंही खास प्रशिक्षण लागत नव्हतं. २०१७ मध्ये सहलीच्या एका होडीच्या अपघातात एका तरुणीचा जीव गेला, तेव्हा कुठे कायदा झाला, आणि २०१९ पासून पैसे घेऊन माणसं नेणाऱ्या चालकाला सुरक्षेचं आणि प्रथमोपचाराचं प्रशिक्षण बंधनकारक झालं. ब्रेक नसलेल्या वाहनासाठी हे कितीतरी आधी व्हायला हवं होतं.

महाराष्ट्रात एअरबोटीचा विचार दोन कारणांनी होऊ शकतो. पहिलं कारण जलपर्णी. पंचगंगा, इंद्रायणी, उजनीचा जलाशय, सगळीकडे तिने पाणी झाकलं आहे. हीच वनस्पती फ्लोरिडात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पसरली, आणि तिथे तिच्यावर तणनाशक फवारायला एअरबोटीच वापरतात, कारण इतर बहुतेक होड्या त्या गालिच्यात अडकतात. पाहणीसाठी, बीज आणि फुलोरा कुठे आहे ते हुडकायला, मासेमारांच्या अडकलेल्या होड्या सोडवायला अशी होडी इथेही उपयोगी ठरेल. फवारणीची नक्कल मात्र आपण करू नये. या नद्यांचं पाणी काठची गावं पितात, आणि जलपर्णी वाढते ती सांडपाण्यातल्या खतामुळे. सांडपाणी थांबवल्याशिवाय ती दर वर्षी परत येईल.

दुसरं कारण पूर. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णा आणि पंचगंगा फुगल्या, शिरोळ आणि पलूस तालुक्यांतली गावं बेटं झाली, आणि ब्रह्मनाळला लोकांना घेऊन निघालेली होडी उलटून अनेक गावकरी बुडाले. अशा पुरात पाण्याखाली उभा ऊस असतो, कुंपणाच्या तारा असतात, वेली असतात, आणि रबरी होडीच्या मागच्या इंजिनाला यातली प्रत्येक गोष्ट अडवते. बुडालेल्या उसाच्या मोकळ्या रानातून दूरच्या वस्तीवर जायला एअरबोट खरंच सरस आहे. पण गावात शिरल्यावर ती अडचण ठरते. अरुंद गल्ल्या, विजेच्या लोंबत्या तारा, थांबण्याची सोय नाही, आणि पंख्याचा झोत पत्रे उडवील इतका. शिवाय एका वेळी थोडीच माणसं नेता येतात आणि जास्त भरली तर ती इतर होड्यांपेक्षा लवकर घात करते. म्हणून कोल्हापूर-सांगलीसाठी कोणी एअरबोटींचा ताफा मागवायचं म्हणेल तर माझा विरोध राहील. एक-दोन होड्या, त्याही वर्षभर सराव असलेल्या चालकांच्या हाती, उघड्या रानापुरत्या ठेवाव्यात. गावोगावच्या होड्यांना लांब दांड्याची इंजिनं बसवण्याचा प्रयोग मात्र आधी करून पाहावा, कारण ती चालवायला नदीकाठचे होडीवाले आठवड्याभरात शिकतील, आणि पूर नसेल तेव्हा त्याच होड्यांवर त्यांची रोजची मासेमारीही चालेल.